कळवळा नको, हिशेब हवा

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या परिसरातील एका सभागृहात पाश्चात्त्य संगीतावर व्याख्यान झाले. वक्ते अभ्यासू होते आणि त्यांची वाणी ओघवती होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीताकडे वळताच त्यांनी बेसी स्मिथ या गायिकेच्या मृत्यूची कथा सांगितली. १९३७ साली मोटार अपघातात ती जबर जखमी झाली, गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दारातूनच परत पाठवले आणि रक्तस्राव होऊन तिचा अंत झाला. सभागृह स्तब्ध झाले. दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. नंतर वक्त्यांचे आभार मानले गेले, चहा झाला, मंडळी पांगली. दीड तासाच्या त्या व्याख्यानात बेसी स्मिथचे एकही गाणे वाजवले गेले नाही. परतताना शेजारच्या गृहस्थांना मी विचारले, "ती गात काय होती हो?" ते म्हणाले, "ते काही कळले नाही. पण बिचारी फार वाईट गेली."

या 'बिचारी'वरच माझा आक्षेप आहे. तो मांडण्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम त्या कथेविषयी. ती घडली तशी नाही. २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपी राज्यातील ६१ क्रमांकाच्या महामार्गावर बेसीची मोटार एका मालमोटारीवर आदळली. तिचा उजवा हात जवळजवळ तुटून पडला. मासेमारीसाठी निघालेले मेम्फिसचे एक गोरे डॉक्टर, ह्यू स्मिथ, तेथे थांबले आणि त्यांनी रस्त्यावरच तिच्यावर प्रथमोपचार केले. तेवढ्यात मागून आलेली दुसरी मोटार त्यांच्या गाडीवर येऊन धडकली. अखेर बेसीला क्लार्क्सडेल गावातील कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेण्यात आले. तेथे तिचा हात कापावा लागला आणि त्याच दिवशी सकाळी तिचे निधन झाले. गोऱ्यांच्या रुग्णालयाच्या दारापर्यंत तिला कोणी नेलेच नव्हते. त्या काळच्या मिसिसिपीत कृष्णवर्णीय रुग्णाला तिकडे नेण्याचा विचारही कोणी करीत नसे, असे डॉ. स्मिथ यांनी पुढे सांगितले.

म्हणजे वर्णद्वेष नव्हता, असा याचा अर्थ कोणी काढू नये. तो होता, आणि इतका मुरलेला होता की दार लावून घेण्याची वेळच त्याच्यावर येत नसे. परंतु रुग्णालयाने परत पाठवल्याची कथा जन्मली ती ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात वावरणाऱ्या जॉन हॅमंड यांच्या लेखातून. अपघातानंतर काही आठवड्यांतच 'डाउन बीट' या संगीतविषयक नियतकालिकात त्यांनी ऐकीव माहितीवर तो लिहिला. पुढे एडवर्ड ऑल्बी यांनी त्यावर नाटक रचले आणि ते १९६० साली रंगभूमीवर आले. १९७२ साली ख्रिस अल्बर्टसन यांनी बेसीचे चरित्र प्रसिद्ध करून डॉ. स्मिथ यांची साक्ष जगापुढे ठेवली. त्यालाही आता अर्धशतक उलटले. तरीही व्याख्यानांतून आणि लेखांतून ती जुनी कथाच अजून फिरते आहे.

ती का फिरते? ऐकणाऱ्याला ती सोयीची आहे म्हणून. तिच्यात अपराधी आहे तो एक निनावी रुग्णालय. अपराध घडला एका रात्रीत आणि तो घडून गेला. आपण रडलो की आपले कर्तव्य संपले. परंतु बेसी स्मिथवरील खरा अन्याय एका रात्रीचा नव्हता. तो दहा वर्षे चालला, दिवसाउजेडी, कार्यालयात बसून, सही-शिक्क्यानिशी. त्याची कागदपत्रे आहेत. दंतकथेच्या अश्रूंत ती कागदपत्रे पुसट होतात, आणि म्हणून ही दंतकथा मला निरुपद्रवी वाटत नाही.

हे संगीत मुळात काय होते, ते थोडक्यात सांगतो. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा घोळवून गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे, असा ब्लूजचा साधा बांधा आहे. जात्यावर बसलेली आपली बाई जसे माहेर, सासर, दुष्काळ, मरण सारे एकाच चालीत ओवते, तसेच अमेरिकेच्या दक्षिणेतील या स्त्रिया एका बांध्यात सारे आयुष्य बसवीत. मा रेनी तंबूतल्या खेळांमधून गावोगाव गात हिंडली. बेसी चॅटनूगा गावच्या रस्त्यांवर गाऊन वाढली. गिटार घेऊन एकटा भटकणारा पुरुष म्हणजे ब्लूज, हे चित्र आज सर्वांच्या मनात ठसलेले आहे. पण ध्वनिमुद्रिकांचा इतिहास वेगळे सांगतो.

१० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्क येथे ओके कंपनीसाठी मेमी स्मिथ हिने 'क्रेझी ब्लूज' गायले. कृष्णवर्णीय गायिकेने ध्वनिमुद्रित केलेले हे पहिले ब्लूज गीत समजले जाते. गीतकार पेरी ब्रॅडफर्ड कंपन्यांचे उंबरठे झिजवीत होता. कृष्णवर्णीय माणसे ध्वनिमुद्रिका विकत घेतील, यावर कोणाचा विश्वास नव्हता. कृष्णवर्णीय मुलीचा आवाज मुद्रित केलात तर तुमच्या मालावर बहिष्कार टाकू, अशा धमक्या कंपनीला आल्याचे ब्रॅडफर्डने पुढे लिहून ठेवले. ती ध्वनिमुद्रिका हातोहात खपली. मग मात्र कंपन्यांना जाग आली. एथेल वॉटर्स, अल्बर्टा हंटर, बेसी स्मिथ, मा रेनी, सारा मार्टिन यांच्या मागे त्या धावू लागल्या. ब्लूज गाणाऱ्या पुरुष गिटारवादकांच्या तबकड्या मोठ्या प्रमाणावर निघू लागल्या त्या १९२६ पासून. पुरुषांसाठी ही वाट या बायांनी पाडली होती.

आता त्या कागदांकडे वळू. १६ फेब्रुवारी १९२३ रोजी बेसीने कोलंबिया कंपनीसाठी 'डाउनहार्टेड ब्लूज' गायले. तिच्या त्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेच्या काही लाख प्रती खपल्या. तिला मिळाले एका गाण्यामागे ठरीव १२५ डॉलर. तेही आरंभी पुरते तिच्या हाती पडले नाहीत. मध्यस्थ क्लॅरेन्स विल्यम्सने त्यातील अर्धे स्वतःच्या खिशात घातले होते. बेसीने त्याला जाऊन जाब विचारला आणि कंपनीशी थेट करार केला. कंपनीचे अधिकारी फ्रँक वॉकर यांनी त्या करारातील रॉयल्टीचे, म्हणजे विक्रीवरील स्वामित्वधनाचे, कलमच खोडून टाकले. दर पुढे दोनशे डॉलरपर्यंत गेला. विकल्या गेलेल्या प्रतींवरचा वाटा तिला कधीच मिळाला नाही. दहा वर्षांत तिने १६० गाणी दिली. त्यातल्या पहिल्याच वर्षी कोलंबिया कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी होती, हेही लक्षात ठेवावे. कंपनी त्यातून सावरली, त्यात या आवाजाचा वाटा मोठा होता.

१९७० साली कोलंबियाने ही सर्व गाणी नव्या लाँगप्ले ध्वनिमुद्रिकांच्या संचांत पुन्हा बाजारात आणण्यास प्रारंभ केला. जगभर वाहवा झाली. त्या वेळी फिलाडेल्फियाजवळच्या दफनभूमीत बेसीच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. मृत्यूला तेहतीस वर्षे झाली होती. ऑगस्ट १९७० मध्ये तो दगड बसला, तो दोघींच्या पैशांनी. एक होती रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन. दुसरी होती हुआनिता ग्रीन, जी लहानपणी बेसीच्या घरी स्वयंपाकघराची फरशी पुसत असे. ज्या मेमी स्मिथने हे दालन उघडले ती १९४६ साली वारली. तिच्या कबरीवर स्मारकशिला उभी राहायला २०१४ साल उजाडावे लागले, आणि तीही चाहत्यांनी वर्गणी काढली तेव्हा.

बेसीच्या वारसांनी कोलंबियाच्या मालक कंपनीवर दावा लावला होता. १९७९ साली फिलाडेल्फियाच्या संघीय न्यायालयात तो फेटाळला गेला. दावा मुदतीबाहेर गेला होता, हे त्यातले प्रमुख कारण. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेलही. पण संत याकोबाच्या पत्रातला मजूर आपण सर्वांनी देवळात ऐकला आहे. शेत कापणाऱ्याची अडवून ठेवलेली मजुरी आक्रोश करते आणि तो आक्रोश परमेश्वराच्या कानी पोहोचतो, असे तेथे म्हटले आहे. त्या आक्रोशाला मुदतीचा कायदा लागू होतो, असे मला तरी त्या पत्रात कोठे आढळले नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली न्याय्य वेतनाविषयी सांगितले तेव्हा एक गोष्ट स्पष्ट केली होती. गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी मान्य केली, म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही. मग हा नियम गाणाऱ्या बाईला का लागू होऊ नये?

यावर एक आक्षेप हमखास येतो. 'तेव्हाची रीतच तशी होती. जोखीम कंपनीची होती. तबकडी खपली नसती तर नुकसान कोणी सोसले असते?' रीत होती, हे मान्य. पण जोखमीचा युक्तिवाद पहिल्या गाण्यापुरता चालतो, एकशे साठाव्या गाण्याला चालत नाही. शिवाय त्या काळी रॉयल्टी ही अज्ञात गोष्ट नव्हती. करारात ती होती म्हणूनच तर ती खोडावी लागली.

दुसरी कंपनी पॅरामाउंट. मा रेनीने १९२३ ते १९२८ या काळात तिच्यासाठी नव्वदाहून अधिक गाणी गायली. ही कंपनी म्हणजे विस्कॉन्सिन राज्यातील खुर्च्या बनवणाऱ्या एका कारखान्याची शाखा. कारखाना फोनोग्राफची लाकडी कपाटे करी, आणि कपाटे खपावीत म्हणून तबकड्या काढी. तबकड्या निकृष्ट मालाच्या असत. एका तरुण कॉर्नेटवादकाने, लुई आर्मस्ट्राँगने, १९२४ साली मा रेनीला साथ केली. ती तबकडी आज लावली तर आधी खरखर ऐकू येते आणि तिच्यामागून, दूरच्या खोलीतून यावा तसा, तो भरदार आवाज येतो. मंदीच्या काळात पॅरामाउंटने ध्वनिमुद्रण बंद केले. ज्यांवरून नव्या प्रती काढता आल्या असत्या ते धातूचे साचे मोडीत गेले. आज आपण ऐकतो ती कंपनीने जपलेली ठेव नव्हे. कोणा गरीब घरात माळ्यावर, पलंगाखाली पडून राहिलेल्या, शेकडो वेळा सुई फिरलेल्या तबकड्यांतून संग्राहकांनी ती वाचवली. १९३० साली पॅरामाउंटसाठी गाणाऱ्या गीशी वायली या गायिकेच्या तबकड्यांच्या तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच प्रती उरल्या आहेत.

आणि तबकडी होती कशाची? लाखेची. ती लाख मुख्यतः आपल्याच देशातून जात असे. छोटा नागपूरच्या रानातले आदिवासी पळस-कुसुमाच्या फांद्यांवरून ती खरवडून काढीत. जॉर्जियातल्या बाईचा आवाज झारखंडातल्या बाईच्या श्रमांवर कोरला जात होता, आणि दोघींचाही हिशेब तिसऱ्याच्याच वहीत होता. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून वितळवण्यात आल्या. त्यांत यांचे किती आवाज गेले, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

कंपन्यांनी पैसा ठेवून घेतला, पुढच्या रसिकांनी मान ठेवून घेतला. १९५०-६० च्या दशकांत गोऱ्या संग्राहकांनी ब्लूजचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा त्यांना हवा होता एकाकी, अनामिक, गिटारवाला पुरुष. रॉबर्ट जॉन्सनने १९३६-३७ मध्ये एकोणतीस गाणी मुद्रित केली. तो मोठा कलावंत होता यात वाद नाही. पण त्याला 'अस्सल' ठरवताना या स्त्रियांना 'रंगमंचीय', 'बाजारू' अशी विशेषणे लावून प्रस्तावनेत बसवले गेले. रेशमी झगा आणि मोत्यांच्या माळा घालून, वाद्यवृंद बाळगून, स्वतःच्या मालकीच्या रेल्वेडब्यातून दौरे करणारी बेसी त्यांच्या दारिद्र्याच्या कल्पनेत बसत नव्हती. गरीब माणूस नीटनेटका राहिला की त्याची गरिबी खोटी ठरते, हा न्याय आपल्याकडेही अपरिचित नाही. येथेच 'बिचारी'चा दुसरा उपद्रव दिसतो. यशस्वी, हिशेबी, स्वतःचा ताफा चालवणारी बाई आपल्याला नको असते. रुग्णालयाच्या दारात मरणारी चालते.

आता आपल्या घरचा आक्षेप. एका वाचक-मित्रांनी मला विचारले, "दारू, व्यभिचार आणि भांडणे यांची गाणी ती. ख्रिस्ती कुटुंबाने ती का ऐकावीत?" प्रश्न प्रामाणिक आहे. काही गाणी खरोखरच सवंग आहेत, तीही कंपन्यांनी आवर्जून मागून घेतलेली. परंतु बेसीने पुराने बेघर झालेल्या माणसाचे गाणे १९२७ साली गायले. गरिबाचे आणि धनिकाचे ताट समोरासमोर ठेवणारे गाणे १९२८ साली गायले. मा रेनीने बेड्या घालून खडी फोडणाऱ्या कैद्यांचे गाणे गायले. नवऱ्याच्या माराविषयी ज्या काळी कोणी ब्र काढत नव्हते, त्या काळी या बायांनी ते उघड उच्चारले. याला पाप म्हणायचे की पापाची कबुली, ते ज्याने त्याने ठरवावे.

आणि चर्च व ब्लूज यांच्यात आपण समजतो तेवढी उंच भिंत नव्हती. मा रेनीच्या वाद्यवृंदाचा प्रमुख आणि पियानोवादक होता टॉमस डॉर्सी, एका उपदेशकाचा मुलगा. १९३२ साली त्याची पत्नी बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेले. त्या शोकातून त्याने 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे भक्तिगीत रचले. आज ते जगभरच्या प्रार्थनालयांत गायले जाते. डॉ. मार्टिन लूथर किंग यांचे ते आवडते गीत होते. १९६८ साली त्यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सन ते गायली. तीच महालिया, जी आयुष्यभर ब्लूज गाण्यास नकार देत राहिली, पण जिने लहानपणी बेसी स्मिथच्या तबकड्या ऐकून गळा घडवला होता. ब्लूजचा वास येतो म्हणून डॉर्सीच्या भक्तिगीतांना सुरुवातीला कितीतरी मंडळ्यांनी दारे बंद केली होती. बेसीचा आवाज 'गावंढळ' म्हणून नाकारणाऱ्यांत हॅरी पेस या कृष्णवर्णीय उद्योजकाची ब्लॅक स्वान कंपनीही होती. सभ्यतेचा उंबरठा कोणत्याही रंगाच्या माणसाला उंच करता येतो.

मा रेनी शेवटी कोलंबस या आपल्या गावी परतली आणि तेथील बाप्टिस्ट चर्चमध्ये जाऊ लागली. १९३९ साली ती वारली तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिला गेला 'घरकाम'. अल्बर्टा हंटरची गोष्ट याहून बोलकी आहे. 'डाउनहार्टेड ब्लूज' तिने पियानोवादक लव्ही ऑस्टिनसह रचले होते. दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरील सैनिकांसाठी ती आपल्या या भूमीवर गाऊन गेली. आईच्या निधनानंतर वय लपवून तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक रुग्णालयात वीस वर्षे रुग्णसेवा केली. १९७७ साली सत्तरीची समजून तिला निवृत्त करण्यात आले, तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती. त्यानंतर ती पुन्हा गाऊ लागली, आणि १९८४ साली मृत्यू येईपर्यंत गात राहिली. हिला कोणी 'बिचारी' म्हणून दाखवावे!

हे सारे आपल्यापासून फार दूरचे आहे, असेही नाही. १४ जानेवारी १९२५ रोजी लुई आर्मस्ट्राँगने बेसीच्या आवाजाला कॉर्नेटची साथ केली. दहा वर्षांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांचे ताफे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले आणि गोमंतकीय कॅथलिक वादकांनी त्यांच्याकडून हे संगीत उचलले. ॲन्टोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, यांनी आर्मस्ट्राँगला गुरू मानून ट्रम्पेट हाती धरली. सी. रामचंद्र यांच्या १९५१ सालच्या 'अलबेला'त ती ट्रम्पेट वाजली आणि महाराष्ट्र तिच्यावर डोलला. त्या डोलण्यातही या बायांचे थोडे देणे आहे.

आता एक शेवटचा युक्तिवाद. अमेरिकेच्या २०१८ सालच्या कायद्याने 'क्रेझी ब्लूज'सह १९२२ पर्यंतच्या ध्वनिमुद्रिका १ जानेवारी २०२२ रोजी सर्वांसाठी खुल्या झाल्या. बेसीची १९२३ ची गाणी १ जानेवारी २०२४ पासून खुली आहेत. आता कोणाचीच मालकी नाही, तेव्हा झाले गेले विसरावे, असे काहींचे म्हणणे. मालकी संपली, हे खरे. पण मालकी संपली ती कंपनीची. गायिकेची मालकी कधी सुरूच झाली नव्हती. गहाण शेत सावकाराच्या मुदतीने सुटले, म्हणून कुळाची बुडालेली मजुरी भरून निघत नाही.

पैसा आता देता येणार नाही. ज्यांना द्यायचा त्या नाहीत. मग आपण काय करू शकतो? निदान खोटे तरी सांगू नये. बेसी स्मिथचे नाव घ्यायचे असेल तर तिच्या मृत्यूची खोटी कथा सांगण्याआधी तिच्या कराराची खरी कथा सांगावी. गाणे वाजवताना ते रचणारीचे नाव घ्यावे. आणि मुख्य म्हणजे ते वाजवावे. आज ते विनामूल्य, घरबसल्या, कोणत्याही भ्रमणध्वनीवर ऐकता येते.

त्या व्याख्यात्यांना मी हेच कळवले आहे. पुढच्या वेळी त्यांनी कथेला पाच मिनिटे कमी द्यावीत आणि बेसीला तीन द्यावीत. तिच्या तबकडीची एक बाजू साधारण तेवढीच असते.